झेल्माच्या बरणीतली पिवळी फुलं

आमच्या घळीत ऊन इतकं उशिरा उतरतं, की कोंबडा दुपारचं जेवण आटोपून मग आरवतो. ही गोष्ट मी कुणालाही सांगायला लागलो, की माझी बायको डेल्फिया हातातल्या शेंगांवरून मान वर न करता म्हणते, "जेवणानंतर नाही, हॉबार्ट. जेवणाआधी. जेवणानंतर तो झोपतो."

आमचा संसार असाच चालत आलाय. मी भलीमोठी थाप मारायची आणि तिनं तिच्यातली बारकी चूक काढायची. माझ्या आजोबांचं खेचर बोलायचं, याला तिची कधी हरकत नसते. ते मंगळवारी बोललं असं मी म्हणालो, की मात्र ती लगेच म्हणणार, "बुधवारी." केंटकीच्या या डोंगरात लोणकढी थाप मारणाऱ्यांना तोटा नाही. शरदातल्या जत्रेत, कचेरीच्या आवारात, दरवर्षी त्यांची चढाओढ लागते. मी तिथं जितक्यांदा जिंकलो तितक्यांदा डेल्फिया पुढच्या रांगेत बसलेली होती. लोक माझ्या थापेला हसत नसत, तिच्या दुरुस्तीला हसत. बक्षिसाचं भोपळ्याचं पक्वान्न मात्र मी खायचो.

त्या ऑक्टोबरात आम्ही दोघं पडवीत बसलो होतो. ती हिरव्या शेंगा सुईनं दोऱ्यात ओवत होती, हिवाळ्यासाठी वाळवायला. मी खेचराची गोष्ट काढली. नवीन ऐकणारं कुणी नव्हतं, पण जीभ गंजू नये म्हणून मी अधूनमधून ती घासूनपुसून ठेवतो.

"आजोबांच्या खेचरानं एकदा डोंगरावरची जिनसेंगची झुडपं मुळांसकट फस्त केली," मी म्हणालो. "तेव्हापासून ते काही म्हणता काही विसरेना. कुणी सफरचंद दिलं, कुणी लाथ घातली, सगळं ध्यानात. आणि मुळी इतकी जुनी, की खेचराला वाचाच फुटली. रविवारी चर्चच्या दारात उभं राहून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ज्यानं त्यानं काय काय केलंय ते ऐकवायला लागलं. प्रवचनाला कुणी फिरकेना. शेवटी पाद्रीबाबा आजोबांच्या पाया पडले आणि मंगळवारी आजोबांनी खेचर डोंगरापलीकडे सोडून दिलं."

मी थांबलो. आता 'बुधवारी' येणार म्हणून थांबलो.

सुई शेंगेत अर्धी अडकून राहिली होती. डेल्फिया रस्त्याकडे बघत होती.

"मग ते परत नाही ना आलं?" तिनं विचारलं.

"कोण?"

"खेचर." तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "हॉबार्ट, त्यानं माझ्याबद्दल काही सांगितलं तर?"

मी हसलो. ती हसली नाही. तिच्या कपाळावर घाम होता आणि पडवीत तर मी कोट घालून बसलो होतो. सगळा जन्म मी लोकांनी माझ्या थापांवर विश्वास ठेवावा म्हणून घालवला. एका बाईनं तेवढा ठेवू नये, यावर माझं सगळं उभं होतं.

*

डेल्फियाची आई अशीच गेली होती. म्हातारी आधी शब्द विसरली, मग माणसं, मग बूट चुलीत ठेवायला लागली. डेल्फियानं तिचं शेवटपर्यंत केलं. ते झाल्यावर एकदा ओढ्यावर कपडे पिळता पिळता तिनं माझ्याकडून वचन घेतलं होतं. म्हणाली, "माझं आईसारखं झालं, तर मला त्या घरात घालू नकोस." ते घर म्हणजे तालुक्याच्या गावातलं, विसरभोळ्या म्हाताऱ्यांना ठेवतात ते. त्याच्या दाराला आकड्यांचं कुलूप असतं आणि ज्यांना आकडे आठवत नाहीत त्यांनाच आत ठेवतात. मी बरं म्हणालो होतो. त्या वेळी बरं म्हणायला काही लागत नव्हतं.

त्या ऑक्टोबराआधीच्या वसंतात तिची बहीण आयव्हा वारली, आणि डेल्फिया गप्प झाली. स्वयंपाक करायची, पण चव बघायची नाही. कोंबड्यांना दाणे टाकायची आणि तिथंच उभी राहायची. आमची मुलगी रेने लेक्सिंग्टनला असते, ती आली आणि आईला दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टर ओडेल, वयानं आमच्या नातीएवढ्या, त्यांनी मनानं उभारी धरावी म्हणून एक बारीक पांढरी गोळी दिली.

गोळीची बातमी ओढ्यापलीकडे पोचायला वेळ लागला नाही. पलीकडे झेल्मा क्रम राहते. नवरा जाऊन जमाना झाला, आणि तो तिच्या तोंडाला कंटाळून गेला असं ती स्वतःच सांगते. तिच्या माजघरात फळीवर बरण्यांची रांग आहे. एक झोपेसाठी, एक गुडघ्यांसाठी, एक जगण्यावरून मन उडालं असेल तर. ती ओढ्यावरच्या लाकडी साकवावरून झोका खात आली, हातात एक बरणी.

"गोळी घे की, बापडे," ती डेल्फियाला म्हणाली. "माझं गोळीशी वैर नाही. पण गोळी गावातली आणि तुझं दुःख इथलं. त्याला इथलंच काहीतरी लागणार."

बरणीत मक्याची दारू होती आणि तिच्यात मुरलेली पिवळी फुलं. जूनअखेर, सेंट जॉनच्या सणाच्या सुमाराला आमच्याकडे रस्त्याच्या कडेला फुलतात ती. फुलं पिवळी, पण दारूत पडली की अर्क रक्तासारखा लाल उतरतो. दोन चमचे सकाळी, दोन संध्याकाळी.

आता आमच्या घळीत सरकारी कायदे फारसं कुणी मनावर घेत नाही, पण एक कायदा सगळे पाळतात. कुणाची बरणी रिकामी परत द्यायची नाही. झेल्माची बरणी संपली, की डेल्फिया तिच्यात काकवी भरायची किंवा सफरचंदाचा आटवलेला गर, आणि मी ती पलीकडे पोचवायचो. झेल्मा गर खाऊन बरणी धुवायची आणि फुलांच्या अर्कानं भरून परत पाठवायची. त्यामुळे ते थांबायला जागाच नव्हती. दिलेली बरणी नको म्हणणं म्हणजे दारात आलेल्या माणसाच्या तोंडावर दार लावणं.

सुरुवातीला बरंच वाटलं तिला. एकदा तर गुणगुणलीसुद्धा. मग उन्हाळा सरता सरता ती शब्द विसरायला लागली. बादलीला म्हणाली, "ते, पाणी आणायचं." मला तिची आई दिसायला लागली. मी कुणाला काही बोललो नाही. डोंगरावर गेलो, माझी जुनी जिनसेंगची जागा आहे तिथून मुळी काढली, तांबडी बी त्याच खड्ड्यात पुरली जशी रीत आहे, आणि रोज एक काप तिच्या जिभेखाली ठेवायला लागलो. ही मुळी स्मरण धरून ठेवते असं माझे आजोबा म्हणायचे. खेचराची गोष्ट काही मी हवेतून काढली नव्हती.

सप्टेंबरात रेने परत आली. आईचे थरथरते हात बघून तिनं ओठ चावला आणि पुन्हा दवाखाना झाला.

डॉक्टर ओडेलनी नीट चौकशी केली. "या गोळीशिवाय आणखी काही औषध घेता?"

रेनेनं माझ्याकडे बघितलं, मी रेनेकडे.

"नाही," मी म्हणालो.

"नाही," रेने म्हणाली.

"कसलं औषध," डेल्फिया म्हणाली. "मला तर ही एक गोळीसुद्धा जास्त होते."

तिघांपैकी कुणीही खोटं बोललं नाही. औषध म्हणजे चिठ्ठी दाखवून मिळतं ते. परड्यात उगवतं, बरणीतून येतं, त्याला आमच्याकडे औषध म्हणत नाहीत, जसं सुनेनं केलेल्या जेवणाला खानावळ म्हणत नाहीत.

डॉक्टरांना वाटलं मन आणखी खचलंय. त्यांनी गोळीची ताकद वाढवली. ते ऐकून झेल्मानं मान डोलावली आणि चमचे वाढवले. "पेरल्याबरोबर उगवत नसतं," ती म्हणाली.

*

पडवीतल्या त्या दुपारनंतर खेचर आमच्याकडे राहायलाच आलं.

आधी ते फाटकापाशी होतं. डेल्फिया खिडकीचा पडदा धरून उभी राहायची. मग ते कोंबड्यांच्या खुराड्यामागे आलं. ती एका जागी बसेना. बसली तर गुडघा आपोआप उडायचा, पाय झटका द्यायचे, जबडा वाजायचा. गोधडी पांघरली तर घामानं भिजवायची, काढली तर काकडायची. आणि तिचे डोळे. इतकी वर्षं ज्या डोळ्यांनी माझ्या थापेतलं भोक अचूक हेरलं, ते डोळे आता माझ्या खांद्यावरून मागे बघायचे, कुणीतरी उभं असल्यासारखे.

"असं खेचर नव्हतंच गं," मी एका सकाळी तिला म्हणालो. "मी बनवलं ते. आजोबांकडे खेचर नव्हतं, एक लंगडा बैल होता. तुलाही ते ठाऊक आहे."

तिनं माझ्याकडे फार मायेनं बघितलं. लहान पोराकडे बघावं तसं.

"तू खोटं बोलतोयस," ती म्हणाली. "मी घाबरू नये म्हणून."

थाप मागे घ्यायची कशी, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. थाप ठोकून द्यायची एवढंच येत होतं.

"ते काय सांगणार आहे तुझ्याबद्दल?" मी विचारलं.

ती बराच वेळ हात चोळत राहिली. "आईला मी खोलीत कोंडलं होतं," ती शेवटी म्हणाली. "गवत कापायचं होतं, पाऊस येत होता. बाहेरून कडी घातली. ती दार खाजवत होती, हॉबार्ट. मी गवत सगळं कापून मग आले. खेचरानं बघितलंय."

हे तिनं मला कधीच सांगितलं नव्हतं. मी तिचा हात धरायला गेलो तर हात तव्यासारखा तापला होता.

झेल्मा येऊन बघून गेली. नेहमी साकवावरूनच बडबडत येणारी बाई, पण त्या दिवशी दारात गप्प उभी राहिली. मग बरणी टेबलावर ठेवत म्हणाली, "तीन चमचे दे," पण तिचा आवाज तिच्या चमच्यांना साथ देत नव्हता.

रेनेला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "बाबा, त्या घरात एक खोली रिकामी होतेय. मी उद्या येते. आता तरी ऐका माझं."

"तिला मी वचन दिलंय, रेने."

"आणि ती ओढ्यात गेली तर वचनाला मिठी मारून बसणार का?"

मुलीची जीभ आईवर गेलीय.

दुसऱ्या दिवशी सकाळी, धुकं अजून घळीच्या तोंडाशी अडकलेलं असताना, मी चुलीत लाकडं घालून वळलो तर दार उघडं. डेल्फिया नव्हती. तिचे बूट होते.

मी हाका मारत ओढ्याकडे गेलो. ऐंशीच्या घरातला माणूस जितकं धावू शकतो तितकं धावलो, आणि ही मात्र थाप नाही, की मला वाटेतली एकही गोष्ट आठवत नाही. ती साकवाखाली होती. गुडघाभर पाण्यात, पांढऱ्या झग्यात, खांबाला चिकटून. पाण्याच्या कडेला पातळ बर्फ धरलं होतं आणि तिच्या अंगातून वाफ निघत होती.

"हळू बोल," ती दात वाजवत म्हणाली. "ते वर उभंय."

"वर कुणी नाही. मी आत्ताच वरून आलो."

"मग तुला दिसलं कसं नाही?" तिनं माझी बाही घट्ट पकडली. "तू कोण आहेस?"

मी पाण्यात उतरलो. तिला उचलायची ताकद माझ्यात नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, तेव्हा तिला फसवणं आलं. मी म्हणालो, "मी खेचराचा मालक आहे. चल, मी त्याला धरतो, तू पुढे हो." आणि ती निघाली. माझी थाप धरून ती ओढ्यातून बाहेर आली. त्या क्षणी मला तिच्या आजारापेक्षा माझ्या जिभेची जास्त भीती वाटली.

काठावर रेनेची गाडी येऊन थांबतच होती.

*

तालुक्याच्या इस्पितळात त्या दिवशी डॉक्टर ओडेलच होत्या. डेल्फियाला पलंगावर झोपवलं, सुया लावल्या, ताप बघितला. डॉक्टरांनी तिच्या गुडघ्यावर रबरी हातोडी हलकेच टेकवली तर पाय असा उडाला की हातोडीच हातातून सुटली. डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली.

"ही नुसती विसर पडण्याची गोष्ट वाटत नाही," त्या मला म्हणाल्या. "पण असेलही. मेंदूचे फोटो काढावे लागतील. घरी ठेवणं आता धोक्याचं आहे, मिस्टर स्कॅग्ज."

"तेच मी म्हणतेय," रेने म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "एक जागा बघून ठेवलीय. कुलूप आहे, माणसं आहेत."

कुलूप हा शब्द डेल्फियाला ऐकू गेला. ती पलंगावर उठून बसायला लागली. "मला जायचंय. झेल्माची बरणी द्यायचीय. रिकामी कशी देऊ? हॉबार्ट, तिच्यात काही घाल. काहीतरी घाल रे."

"भ्रमात आहे," रेने तिला थोपटत म्हणाली.

डॉक्टरांनी मान वर केली. "कसली बरणी?"

आता खरं तर सरळ उत्तर द्यायचं. पण माणूस भ्याला की ज्याला जे येतं तेच करतो. कुणी प्रार्थना करतं, कुणी शिव्या देतं. माझी जीभ आपोआप जत्रेच्या मांडवात जाऊन उभी राहिली.

"झेल्मा क्रमची बरणी, डॉक्टरीणबाई," मी म्हणालो. "तिच्यातला एक थेंब दगडावर सांडला तर दगडाला भूतकाळ आठवून रडू कोसळतं. मागं एकदा आमच्या मांजरानं चाटली तर ते महिनाभर उंदरांची माफी मागत फिरत होतं."

डॉक्टर हसल्या. थकलेलं हसू. "तुमच्या गोष्टी ऐकल्यात मी जत्रेत," असं म्हणून त्या परत कागदाकडे वळल्या आणि पेन उचललं.

डेल्फियाचा पाय चादरीखाली उडत होता. ती माझ्याकडे बघत होती आणि तिला काहीच कळलं नव्हतं. मांजर नाही हॉबार्ट, आपल्याकडे मांजर कधी नव्हतंच, असं तिनं म्हणायला हवं होतं. तिनं विचारलं, "मग उंदरांनी माफ केलं?"

मी उभा राहिलो. खुर्ची पडली.

"डॉक्टर," मी म्हणालो, "बरणी खरी आहे."

त्यांनी पेन थांबवलं, पण चेहऱ्यावर ते जत्रेतलं हसू अजून होतं. मी कपाळ पुसलं. खरं बोलायला इतके कष्ट पडतात हे मला माहीत नव्हतं. प्रत्येक वाक्याला शेपूट लावावंसं वाटत होतं आणि प्रत्येक शेपूट मी दातांनी तोडत होतो.

"पिवळी फुलं असतात," मी म्हणालो. "सेंट जॉनची. मक्याच्या दारूत मुरवलेली. आयव्हा गेल्यापासून ही घेते. सकाळ-संध्याकाळ. आता तीन-तीन चमचे. झेल्मा देते. आणि मी जिनसेंग देतो, जिभेखाली. एवढंच."

हसू गेलं. "गोळीबरोबर?"

"गोळीबरोबर."

"मी तुम्हाला विचारलं होतं. आणखी औषध घेता का म्हणून."

"ते औषध नाही," मी म्हणालो. "ते झेल्मानं दिलंय."

मग मागे काहीतरी खुळखुळलं. रेनेनं पर्स उघडली होती. तिनं एक हिरवी बाटली काढून पलंगाच्या कडेवर ठेवली. बाटलीवर पंख्यासारखं पान छापलेलं होतं.

"गिंकोच्या गोळ्या," ती म्हणाली. "मी आईला गुपचूप पाठवत होते. ही या महिन्याची. दर महिन्याला. स्मरणशक्तीसाठी. त्यावर लिहिलंय, शुद्ध नैसर्गिक." तिचा आवाज चिरकला. "मला वाटलं बाबा चिडतील. गावठी सोडून शहरातलं पाठवते म्हणून."

"विषारी कॉपरहेड सापही शुद्ध नैसर्गिकच असतो," डॉक्टर ओडेल म्हणाल्या, पण टोचून नाही. त्या आधीच दाराकडे निघाल्या होत्या, नर्सला हाका मारत.

परत आल्यावर त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. ती फुलं काही खोटी नाहीत, त्या म्हणाल्या. मनावर काम करतात, आणि म्हणूनच तर घोटाळा. गोळी मेंदूत जे वाढवते, तेच फुलंही वाढवतात. एकेकटी घेतली असती तर निभलंही असतं. दोन्ही मिळून त्याचं विष झालं. मी गोळी वाढवत गेले, तुम्ही बरणी वाढवत गेलात. हा घाम, हा ताप, ही थरथर, हे भास, सगळं त्या विषाचं असू शकतं. गिंकोनं रक्त पातळ होतं, ते निराळंच काळजीचं. सगळं आत्ताच्या आत्ता बंद.

"मग ती बरी होईल," मी म्हणालो.

डॉक्टरांनी माझ्याकडे सरळ बघितलं. "विष उतरेल. पण मागच्या खेपेला तिच्या आईचंही तुम्ही सांगितलं होतंत. यातलं किती विषाचं आणि किती वयाचं, हे विष उतरल्याशिवाय मला सांगता येणार नाही."

ओढ्याच्या पाण्यापेक्षा ते वाक्य गार होतं.

*

दुपारी झेल्मा आली. कुणाच्या तरी ट्रकमधून आली होती, रविवारची टोपी घालून, छातीशी एक बरणी धरून. दारातल्या नर्सनं बरणी बघितली आणि हात आडवा घातला.

"घेवड्याची उसळ आहे, पोरी," झेल्मा म्हणाली. "उसळ. तू खाऊन बघ."

"आत काही न्यायचं नाही, आजी."

"मग मी रिकाम्या हातानं जाऊ?" असं म्हणून ती बरणी धरून तिथंच बसली. मी बाहेर गेलो. तिच्या टोपीखालचा चेहरा एवढासा झाला होता.

"मी मारलं का रे तिला?" तिनं विचारलं.

"अजून नाही," मी म्हणालो. "आपण सगळ्यांनी मिळून प्रयत्न केला, पण ती चिवट आहे."

तिनं मला बरणीनंच मारलं. हलकेच. मग आम्ही दोघं इस्पितळाच्या त्या लांबलचक पांढऱ्या बोळात बसून राहिलो आणि आतून कुठलाही आवाज आला की दोघांचीही मान एकदम वळायची.

ताप आधी उतरला. मग पाय उडायचे थांबले. मग एका सकाळी डेल्फिया जागी झाली आणि तिनं माझ्या दाढीकडे बघून विचारलं, "तू आंघोळ कधी केली होतीस?" नर्स म्हणते मी रडलो. नर्स थापा मारते.

खेचर गेलं होतं. ती त्याच्याबद्दल काही बोलली नाही आणि मी विचारलं नाही. आईच्या खोलीच्या कडीबद्दलही बोलली नाही. तिला ते सांगितल्याचं आठवतंय की नाही, मला ठाऊक नाही.

आम्ही घरी निघताना डॉक्टरांनी तिला लक्षात ठेवायला तीन शब्द दिले आणि थोड्या वेळानं विचारले. तिला दोन आठवले. घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, ते बरं काढलं, काटे थोडे चुकले. डॉक्टर ओडेल म्हणाल्या, "हिवाळा जाऊ दे. तिचं मन अजून दमलेलं आहे. मग बघू." रेने गाडीत बसता बसता मला हळूच म्हणाली, "त्या घराच्या यादीतून आईचं नाव मी काढलेलं नाही, बाबा. फक्त खाली सरकवलंय." आणि मग मला मिठी मारली, म्हणजे मला भांडता येऊ नये.

*

पानं गळून गेल्यावर आमच्या घळीत एक-दोन आठवडे चांगलं ऊन येतं. तशा एका दिवशी आम्ही पडवीत बसलो. शेंगांच्या उरलेल्या माळा तिला ओवायच्या होत्या. तिचा हात स्थिर होता. सुई शेंगेत जायची, बाहेर यायची.

टेबलावर झेल्माची शेवटची बरणी होती. अर्क मी स्वतः खड्ड्यात ओतला होता, पण बरणी परत द्यायची बाकी होती. डेल्फियानं तिच्यात सकाळी सफरचंदाचा गर भरला होता आणि झाकणाला फडकं बांधलं होतं. झेल्मा आता तिच्यात फक्त लोणचं पाठवणार, असं तिनं पवित्र ग्रंथावर हात ठेवून कबूल केलंय, आणि एवढ्यानं भागलं नाही म्हणून डॉक्टर ओडेलना फळीवरच्या सगळ्या बरण्या दाखवूनही आलीय.

मला खेचराची गोष्ट काढायची होती आणि धीर होत नव्हता. इस्पितळातून आल्यापासून मी एकही थाप मारली नव्हती. घरात मी हवापाण्याबद्दलसुद्धा खरं बोलत होतो. डेल्फियानंच शेवटी विचारलं, "तुला बरं नाही का?"

तेव्हा मी सुरू केलं. आजोबा, जिनसेंग, चर्चचं दार. हलकं हलकं सांगत गेलो, बर्फ पातळ असलं की पाय टाकावा तसा. तिची सुई चालत होती. मी पाद्रीबाबांपर्यंत आलो.

"आणि मंगळवारी आजोबांनी खेचर डोंगरापलीकडे सोडून दिलं," मी म्हणालो.

सुई आत गेली. बाहेर आली. ओढ्याचं पाणी ऐकू येत होतं.

"बुधवारी," डेल्फिया म्हणाली. "मंगळवारी त्याचा घसा बसला होता."

घसा बसल्याचं नवीन होतं, हे तिनं आत्ता घातलं होतं. सगळ्या जत्रांची बक्षिसं एका ताटात वाढली असती तरी मला ती इतकी गोड लागली नसती.

आणि म्हातारपणी आनंद झाला की माणूस वाहवतो. मी म्हणालो, "तुला आठवतं, चर्चच्या त्या मेजवानीत तू पहिल्यांदा माझ्यासाठी सफरचंदाचं पक्वान्न आणलं होतंस? साखरेऐवजी मीठ पडलं होतं. मी सगळं खाल्लं आणि आणखी मागितलं. आयव्हा हसून हसून बाकावरून खाली पडली."

ही थाप नव्हती. असं झालं होतं, अगदी असंच. त्याच्यामुळेच तर आमचं लग्न झालं.

डेल्फियानं दोरा दातांनी तोडला. माझ्याकडे बघून ती हसली, तेच जुनं, एका बाजूनं वर जाणारं हसू.

"चल," ती म्हणाली. "असं काही झालं नव्हतं. ही मात्र तू आत्ता बनवलीस."

मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. ती माझी फिरकी घेत होती का? तीही काही कमी नाही, सगळा जन्म माझ्याबरोबर काढलाय तिनं. सरळ विचारलं असतं तर कळलं असतं. आयव्हा बाकावरून पडली ते आठवतं का, एवढंच विचारायचं होतं.

"बरं, पकडलंस," मी म्हणालो.

तिनं पुढची शेंग उचलली. मी दुसरी गोष्ट सुरू केली, मोठी, भोकांनी भरलेली, आणि तिच्या सुईवरून नजर काढली नाही.